माणकीच्या (स्क्विडच्या) आतली पोकळी ही देहगुहा आहे का? (अकरावी, प्राण्यांचे वर्गीकरण)

फोंड्याची शिकवणी

नमस्कार. मी फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. माझ्याकडे येणारी बरीच मुले प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेली आणि पुढे इंग्रजीत गेलेली आहेत, त्यामुळे पुस्तक इंग्रजी असले तरी समजावून सांगणे मराठीतूनच होते. सध्या देहगुहेच्या (इंग्रजीत coelom) आधारे होणारे वर्गीकरण चालू आहे. देहभित्ती आणि आतडे यांच्यामध्ये पोकळीच नसलेले चपटकृमी देहगुहाहीन, पोकळी आहे पण तिला मध्यस्तराचे (गर्भाच्या तीन पेशीथरांपैकी मधल्या थराचे) पूर्ण अस्तर नाही असे गोलकृमी आभासी देहगुहेचे, आणि गांडुळापासून माणसापर्यंतचे बाकी सारे खऱ्या देहगुहेचे, एवढे मुले घडाघडा म्हणून दाखवतात.

अडचण गेल्या आठवड्यात झाली. एका मुलीने विचारले, "बाई, आई माणकीत सुंगटांचे (कोळंबीचे) सारण भरते, ती पोकळी म्हणजेच देहगुहा ना?" मृदुकाय प्राणी (माणकी, शिंपले वगैरे) खऱ्या देहगुहेचे असतात हे डोक्यात असल्यामुळे मी क्षणाचाही विचार न करता "हो" म्हणून टाकले, आणि रात्री स्वयंपाकघरात स्वतः माणकी साफ करताना माझ्या लक्षात आले की ज्या पोकळीत समुद्राचे पाणी सरळ आतबाहेर करते ती देहगुहा असणे शक्य नाही. मग देहगुहा आहे तरी कुठे? कुर्लीचे (खेकड्याचे) कवच उघडले की आत जो पाणचट द्रव दिसतो, तो देहगुहेतला की रक्त? आणि गांडूळ काय किंवा जंत काय, दोन्ही म्हणजे नळीत नळी. केवळ अस्तराच्या फरकावरून त्यांना इतक्या लांबच्या दोन कप्प्यांत का ठेवतात, हे मला स्वतःलाच पटवून देता येत नाही.

शिवाय, हे सगळे वर्गीकरण आता जुने झाले असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. तसे असेल तर मुलांना काय सांगावे? पुढच्या तासाला मला माझी चूक दुरुस्त करायची आहे, म्हणून जाणकारांनी थोडे सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

खाडीकाठ

बाई, तुमच्या रात्रीच्या शंकेवर विश्वास ठेवा, ती बरोबर आहे. मी बरीच वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि हाच घोटाळा दरवर्षी वर्गात पाहिला. त्याचे मूळ "गुहा" या शब्दात आहे. गुहा म्हटले की आपण पोकळी शोधू लागतो, आणि प्राण्यांच्या शरीरात पोकळ्या तर पुष्कळ असतात. पोकळी केवढी आहे हे इथे गौण आहे. गर्भाच्या कोणत्या थरात ती निर्माण झाली आणि तिच्या भिंतींना आतून अस्तर कोणाचे आहे, एवढ्यावर निवाडा होतो. मध्यस्तरात निर्माण झालेली आणि सर्व बाजूंनी मध्यस्तराच्याच पातळ पेशीपटलाने मढवलेली पोकळी असेल तरच ती खरी देहगुहा.

आता माणकी घ्या. डोके धरून ओढले की त्याच्याबरोबर आतले सगळे अवयव निघून येतात, पाठीकडची पारदर्शक, प्लास्टिकसारखी काडी आपण वेगळी काढतो, आणि हातात मांसल नळी उरते. ही नळी म्हणजे प्रावार. जिवंतपणी प्रावार आणि आतला अवयवांचा गठ्ठा यांच्यामध्ये जी जागा असते ती प्रावार गुहा, आणि कल्ले तिथेच लोंबतात, गुदद्वार तिथेच उघडते, पाणी तिथेच भरून नरसाळ्यातून जोराने बाहेर फेकले जाते. म्हणजे शरीराच्या एका घडीने झाकलेला तो बाहेरच्या जगाचाच तुकडा आहे. तुमच्या विद्यार्थिनीची आई सारण भरते ते या जागेत, आणि अवयव उपटून काढल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत. माणकीची खरी देहगुहा ओढून काढलेल्या त्या गठ्ठ्यात गेली, हृदयाभोवतीच्या आणि जननग्रंथीभोवतीच्या पिशवीच्या रूपाने. मादी माणकीच्या नळीच्या टोकाशी अंडाशय असते, आणि पिकलेली अंडी त्या देहगुहेतच सुटतात.

मृदुकाय प्राण्यांत माणकी आणि तिचे भाईबंद यांची देहगुहा त्यातल्या त्यात ऐसपैस म्हणायची. तिसऱ्यांमध्ये (खाण्याच्या शिंपल्यांमध्ये) ती इतकी आक्रसलेली असते की हृदयाभोवतीची छोटी पिशवी, मूत्रपिंडांची आणि जननग्रंथींची पोकळी एवढीच तिची शिल्लक राहते. बहुतेक शिंपल्यांत आतड्याचा शेवटचा भाग हृदयाच्या मधूनच आरपार जातो, म्हणजे देहगुहा, हृदय आणि आतडे अशी एकात एक तीन नळकांडी तिथे बघायला मिळतात. तिसरी फोडताना अंगावर उडते ते पाणी मात्र पुन्हा प्रावार गुहेतलेच असते, समुद्राचे.

कुर्लीचे प्रकरण वेगळे आहे. तिच्या कवचाखालची मोठी पोकळी म्हणजे रक्तगुहा. संधिपाद (कुर्ली, कीटक वगैरे) प्राण्यांच्या गर्भात मध्यस्तरात देहगुहेच्या छोट्या पिशव्या तयार होतात खऱ्या, पण पुढे त्यांच्या भिंती विरघळल्यासारख्या होऊन त्या आद्य पोकळीशी एकजीव होतात आणि त्या जागेत रक्त खेळू लागते. अवयव रक्तात न्हात असतात, म्हणून याला उघडी रक्ताभिसरण संस्था म्हणतात. तुम्ही पाहिलेला पाणचट द्रव म्हणजे कुर्लीचे रक्त. त्यात आपल्यासारखे लोहयुक्त रंगद्रव्य नसून तांबेयुक्त रंगद्रव्य असते, त्यामुळे प्राणवायू मिळाला की त्यावर फिकट निळी झाक येते. खरी देहगुहा उरते ती उत्सर्जक ग्रंथीच्या टोकाची इवलीशी पिशवी आणि जननग्रंथींची पोकळी यांच्यापुरती. पुस्तकात संधिपादांना "खऱ्या देहगुहेचे" म्हटले जाते ते वंशपरंपरेच्या आणि गर्भविकासाच्या हिशेबाने. कुर्ली उघडून देहगुहा शोधणाऱ्या मुलाला ती सापडणार नाही, आणि त्यात मुलाचा दोष नाही.

हणजुणेच्या खडकांवर ओहोटीला जी समुद्रफुले दिसतात, त्यांच्याबद्दलही मुले हमखास विचारतील, कारण तीही आतून पोकळच असतात. पण ती पोकळी म्हणजे त्यांचे पोट. शरीराच्या भिंतीत दोनच पेशीथर असल्यामुळे मध्यस्तराच्या पोकळीचा प्रश्नच उद्भवत नाही.

जंत आणि गांडूळ यांच्याविषयी उद्या लिहितो. तो भाग घाईत उरकण्यासारखा नाही.

मडगावची परिचारिका

मी प्राणिशास्त्राची नाही, पण शस्त्रक्रियागृहात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे देहगुहा हा शब्द वाचून मला लगेच आमचे टेबल आठवले. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करताना सर्जन नाभीपाशी छेद घेऊन कार्बन डायऑक्साइड वायू आत सोडतात आणि पोट फुगवतात, तो वायू जिथे भरतो ती जागा म्हणजे पर्युदराने (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराने) मढवलेली देहगुहाच. एरवी तिच्यात बोटभरही मोकळी जागा नसते, केवळ बुळबुळीत द्रवाचा पातळ थर असतो, ज्यामुळे आतडी एकमेकांवर न घासता सरकतात. जलोदरात याच जागेत पाणी साठते. माणसात देहगुहेचे तीन मुख्य भाग पडलेले असतात, हृदयाभोवतीचा, फुप्फुसांभोवतीचे दोन्ही बाजूंचे कप्पे आणि पोटातला, आणि छाती व पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पूर्ण पडदा सस्तन प्राण्यांचा खास आहे.

बाईंना एक घरगुती सूचना करावीशी वाटते. मुलांना दाखवायला शेवटो मासा आणा. त्याचे पोट चिरले की आत काळा पापुद्रा दिसतो, जो आपण कडू लागतो म्हणून खरवडून टाकतो. तो पापुद्रा म्हणजे पर्युदर, देहगुहेचे अस्तर, आणि शेवट्यात ते काळेकुट्ट असल्यामुळे शोधावे लागत नाही. पापुद्रा काढल्यावर पाठीच्या कण्याला चिकटलेली गडद लाल पट्टी दिसते. पुष्कळ जण तिला साकळलेले रक्त समजतात, पण ते माशाचे मूत्रपिंड आहे, आणि ते अस्तराच्या पलीकडे, म्हणजे देहगुहेच्या बाहेर असते. माणसाची मूत्रपिंडेही अशीच पर्युदराच्या मागे असतात.

खाडीकाठ

ताई, शेवट्याची सूचना फार मोलाची आहे. त्यात एवढीच भर घालतो की कल्ल्यांच्या खाली, गळ्यापाशी जपून कापले तर हृदय स्वतंत्र कप्प्यात बसलेले दिसते, आणि पोटाची पोकळी व तो कप्पा यांच्यामध्ये पडदा असतो. मुलांना हृदयाभोवतीची देहगुहा आणि पोटातली देहगुहा एकाच माशात दाखवता येतील.

आता जंताकडे वळतो. बाटलीत जपून ठेवलेला मोठा जंत, आपल्या आतड्यात होतो तो, लांबीच्या बाजूने चिरून टाचण्यांनी पसरवला तर आतले अवयव अक्षरशः सुटे पडतात. पट्टीसारखे चपटे आतडे आणि पांढऱ्या दोऱ्यांसारख्या जननसंस्थेच्या लांबलचक नळ्या चिमट्याने उचलल्या की वेटोळ्यासकट बाहेर येतात, त्यांना धरून ठेवणारा एकही पडदा नसतो. याचे कारण असे की मध्यस्तराचे स्नायू फक्त बाहेरच्या भिंतीला चिकटलेले आहेत, आतड्यावर त्यांचा थर नाही. आतड्याची भिंत पेशींच्या एकाच थराची, स्वतः आकुंचन न पावणारी. म्हणून जंताला घशाच्या स्नायूंचा पंप चालवून अन्न आत ढकलावे लागते, कारण आतला द्रव एवढ्या दाबाखाली असतो की पंपाशिवाय आतडे मिटूनच जाईल. त्याच्या देहभित्तीत फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू आहेत, गोलाकार स्नायू नाहीत, आणि त्यांना विरोध करायचे काम जाड लवचिक त्वचा आणि दाबाखालचा द्रव करतात. परिणामी जंत चाबकासारखा वळवळतो, पण त्याला एखादा भाग बारीक आणि दुसरा जाड करत पुढे सरकता येत नाही.

गांडूळ नेमके हेच करते. पहिल्या पावसानंतर अंगणात आलेले गांडूळ मुलांना ओल्या कागदावर ठेवून नुसते पाहू द्या, चिरायची गरज नाही. प्रत्येक वलयातली देहगुहा पडद्याने शेजारच्या वलयापासून वेगळी केलेली असते आणि तिच्यात द्रव भरलेला असतो. द्रव दाबून लहान होत नाही, त्यामुळे गोलाकार स्नायू आवळले की ते वलय लांब आणि बारीक होते, लांबीचे स्नायू आवळले की आखूड आणि जाड होते, आणि पडदे असल्यामुळे अंगाचा पुढचा भाग बारीक होत असताना मागचा जाड राहू शकतो. जाड झालेला भाग बारीक रोमांनी मातीत रुततो, बारीक झालेला पुढे घुसतो. हा द्रवाचा सांगाडा आहे, हाडांऐवजी पाण्यावर तोललेला. शिवाय आतड्यालाही स्वतःचे स्नायू असतात, त्यामुळे अंग स्थिर असतानाही अन्न पुढे सरकते. हाच द्रव पाठीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरून त्वचा ओली ठेवतो, आणि गांडूळ श्वास त्वचेवाटेच घेत असल्याने ही काही किरकोळ सोय नव्हे.

अस्तराचा फरक म्हणून जो आपण पाठ करायला लावतो, तो असा चालण्यात आणि पचनात उतरतो. चपटकृमींना पोकळीच नसल्यामुळे प्राणवायू आणि अन्न पेशीपेशींतून झिरपूनच पोहोचावे लागते, म्हणून ते चपटे राहिले. काही फीतकृमी कित्येक मीटर लांब होतात, जाडी मात्र काही मिलिमीटरचीच.

वाळपईकर

वरचे विवेचन मला आवडले, पण मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांनी बाजूला ठेवला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वात महत्त्वाचा आहे. देहगुहेवरून प्राण्यांचे नाते ठरवता येत नाही, हे आता स्पष्टपणे सांगायला हवे.

थोडा इतिहास पाहू. देहगुहेसाठीची ग्रीक मुळाची संज्ञा अर्न्स्ट हेकेल यांनी १८७२ मध्ये वापरात आणली आणि हर्टविग बंधूंनी १८८१ मध्ये तिच्यावर आख्खा सिद्धांत उभा केला. विसाव्या शतकात लिबी हायमन यांनी आपल्या ग्रंथमालेत देहगुहाहीन आणि आभासी देहगुहेचे असे गट करून प्राण्यांची मांडणी केली, त्यांचे ते खंड १९५१ चे आहेत, आणि पुढच्या पिढ्यांची पाठ्यपुस्तके त्याच वळणावर गेली. या मांडणीतून कळत-नकळत एक जिना तयार झाला, खालच्या पायरीवर देहगुहाहीन, मध्ये आभासी, वर खरे.

१९९७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांची तुलना करून जे निष्कर्ष आले, त्यांत गोलकृमी आणि संधिपाद एकाच शाखेत पडले, कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या शाखेत. म्हणजे जंताचे नाते गांडुळापेक्षा कुर्लीशी जवळचे आहे. चपटकृमी जिन्याच्या तळाशी राहिलेच नाहीत, ते वलयी (गांडुळासारख्या) आणि मृदुकाय प्राण्यांच्या मोठ्या शाखेत जाऊन बसले. आभासी देहगुहेचे म्हणून एकत्र बांधलेले चक्रधर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) आणि गोलकृमी दोन वेगवेगळ्या शाखांत गेले. १९९९ मध्ये तर आजवर चपटकृमी मानले गेलेले काही अगदी साधे सागरी कृमी त्या संघातूनच बाहेर काढावे लागले, आणि त्यांची नेमकी जागा कोणती यावर अजूनही वाद आहे. अस्तर असलेली पोकळी वंशवृक्षावर कमी झालेली, हरवलेली आणि बदललेली दिसते. अशा लक्षणावर संघांची उतरंड रचणे म्हणजे घरांना दिलेल्या रंगावरून गावातली भाऊबंदकी ठरवण्यासारखे आहे.

देहगुहा कशी तयार होते यावरचा भेदही पुस्तकात फार ठाम लिहिलेला असतो. आद्यमुखी (गर्भात तोंड आधी बनणाऱ्या) प्राण्यांत मध्यस्तराच्या भरीव गोळ्याला मधून चीर पडून ती होते आणि द्वितीयमुखी (तोंड नंतर बनणाऱ्या) प्राण्यांत आद्य आतड्याला खिसे फुटून होते, असे मुले लिहितात. तारामाशाच्या गर्भात खिसे दिसतात हे खरे. पण आपण पृष्ठवंशी प्राणी द्वितीयमुखी असूनही आपली देहगुहा मध्यस्तराच्या थराला चीर पडूनच तयार होते. म्हणून मुलांना हा धडा जुन्या विचाराचा नमुना म्हणून शिकवावा, याहून अधिक वजन त्याला देऊ नये, असे माझे मत आहे.

खाडीकाठ

वाळपईकरांनी दिलेली माहिती बरोबर आहे आणि वंशवृक्षाच्या बाबतीत माझे त्यांच्याशी दुमत नाही. निष्कर्षाशी आहे. घराच्या रंगाची उपमा मला मान्य नाही, कारण रंगाने घरात राहणे बदलत नाही, देहगुहेने प्राण्याचे जगणे बदलते. हृदयाला आतड्यापासून स्वतंत्रपणे धडधडता येणे, आतड्याला वेटोळे घालून अंगापेक्षा कितीतरी लांब होता येणे, अंड्यांना पिकेपर्यंत जागा मिळणे, हे सर्व त्या पोकळीमुळे शक्य होते. तारामाशाचे जलवाहिनी तंत्र आणि त्याचे शेकडो नलिकापाद (नळीसारखे छोटे पाय) देहगुहेच्याच भागापासून बनतात, म्हणजे तो प्राणी देहगुहेवर चालतो असे म्हटले तरी अतिशयोक्ती नाही. शरीररचना समजून घ्यायची असेल तर हा धडा लागतो, भाऊबंदकी ठरवायची असेल तर दुसरी साक्ष लागते. परीक्षेत तर जुनीच मांडणी विचारली जाते, हेही मुलांच्या दृष्टीने विसरून चालणार नाही.

वाळपईकर

"जिना" हा शब्द न वापरता शिकवणार असाल तर माझा विरोध मागे घेतो. परीक्षेपुरते तीन कप्पे पाठ करावेत, पण जंत आणि कुर्ली यांचे नाते मुलांच्या कानावर एकदा तरी पडू द्यावे.

फोंड्याची शिकवणी

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल तासाला फोंड्याच्या बाजारातून दोन शेवटे आणि अर्धा किलो माणकी नेली आणि आधी वर्गापुढे माझी चूक मान्य केली. शेवट्याचा काळा पापुद्रा एका मुलाने नखाने हळूच सोलत कण्यापर्यंत नेला आणि त्याच्यामागची लाल पट्टी स्वतः शोधून काढली, ते पाहून बाकीच्यांना "अस्तर" या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. शेवट्याच्या आतड्याची वेटोळी उलगडून टेबलावर मांडली तेव्हा ती माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरली. त्याच्या जठराचा गोट्यासारखा टणक भाग पाहून एकीने "हा कोंबडीचा गिझर्ड वाटतो" असे म्हटले, आणि मी तिला ते तसेच वहीत लिहायला सांगितले.

माणकीचे डोके ओढताना मात्र शाईची पिशवी फुटली आणि टेबल, वह्या, माझी साडी, सगळे काळे झाले. त्या गोंधळात माझ्या मूळ विद्यार्थिनीने पुढचा प्रश्न विचारलाच. शाईची पिशवी देहगुहेत असते की प्रावार गुहेत? मी या वेळी "उद्या सांगते" म्हणाले.

खाडीकाठ

तिला सांगा की ती पिशवी दोन्हींपैकी कशातच मोडत नाही. शाईची पिशवी ही आतड्याच्या शेवटच्या भागाला फुटलेली शाखा आहे, म्हणजे तिच्या आतली पोकळी पचननलिकेच्या हिशेबात जाते. तिचे तोंड गुदद्वाराजवळ उघडते, तिथून शाई प्रावार गुहेत येते आणि नरसाळ्यातून पाण्याच्या झोतासह बाहेर फेकली जाते. पुढच्या वेळी डोके ओढण्याआधी प्रावार पोटाकडच्या बाजूने कात्रीने उभा चिरा, म्हणजे कल्ल्यांच्या मध्ये ती चंदेरी पिशवी अखंड दिसेल आणि साडीही वाचेल.